पंप दिसू नये, पण सापडावा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. टर्बोच्या हवेत पाणी-मेथॅनॉल फवारणारं किट येत्या रविवारी गाडीत बसवायला घेणार असं तू लिहिलंस, म्हणून आज लगेच उत्तर लिहितोय. बॉनेट उघडण्याआधी हे तुझ्या हाती पडायला हवं.

टर्बोने दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेने नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून इंजिनात बसणारे ठोके, सुरू होतं, हे तुला सांगायला नको. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५० किलोज्यूल उष्णता लागते. ती त्या हवेतूनच खेचली जाते, म्हणून एवढ्याशा फवाऱ्याने एवढा फरक पडतो. १९६२ च्या ओल्डस्मोबाइल जेटफायरला पाणी-मेथॅनॉलची टाकी कारखान्यातूनच येई, आणि टाकी रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेवरचा दाब, आपोआप उतरे. मला त्या गाडीतलं हेच सगळ्यात आवडतं. तुझ्याही किटला टाकीतलं पाणी संपत आल्याचं कळवणारा लेव्हल स्विच आहे. त्याची वायर नुसत्या दिव्याला जोडून थांबू नकोस, बूस्ट कमी करणाऱ्या सर्किटपर्यंत ने. फवाऱ्याच्या भरवशावर ट्यून केलेलं इंजिन पाण्याविना पूर्ण बूस्टवर पळालं, तर पिस्टन जातो.

आता वायरिंग. बॅटरीच्या प्लसवरून निघालेल्या वायरला फ्यूज बॅटरीजवळच हवा, वीतभर अंतरात. तिथून रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पायावर, ८७ वरून पंप चालवणाऱ्या कंट्रोलरला. ८६ ला इग्निशन सुरू असतानाच येणारा करंट, ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली वायर.

अर्थचं मात्र नीट ऐक. माझ्या गाडीत पंप कुरकुरायचा, फवारा बारीक पडायचा. चार दिवस मी पंपालाच दोष देत होतो. शेवटी पंप चालू ठेवून मल्टिमीटर लावला, तर बॅटरीवर १४ व्होल्ट आणि पंपाच्या टोकांवर जेमतेम १०. अर्थचा बोल्ट काढून बघतो तो खाली रंग तसाच, आणि रिंग टर्मिनलच्या कडेला काळपट वळ उमटलेला. पॉलिश पेपरने घासून पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत रंग काढला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पंपाचा आवाजच बदलला. तू हे पहिल्याच दिवशी कर.

किट कुणाला दिसू नये म्हणतोस, तेही पटतं. मूळ वायरिंग ज्या वाटेने गेलंय त्याच वाटेने ने, तशीच काळी कापडी टेप गुंडाळ, जागोजागी क्लिप मार. केबिनमध्ये शिरताना आधीच असलेल्या रबरी ग्रोमेटमधून घे; उघड्या पत्र्याच्या भोकातून ओढलेली वायर आज ना उद्या कापली जाते. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींच्या वाटेला जाऊ नकोस. नॉझल दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतरच्या पाइपवर खालच्या बाजूने बसव, म्हणजे वरून बघणाऱ्याला कळणारही नाही. टाकी नॉझलपेक्षा उंचावर येत असेल तर नॉझलजवळ विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप बंद असतानाही पाणी इंजिनात झिरपत राहील.

पण पाइपाचे जोड, फ्यूज आणि रिले कधी लपवू नकोस. हात जाईल अशाच जागी ठेव. सर्किटची आकृती काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेव आणि विमा कंपनीला बदल लेखी कळव. गाडी विकलीस तर घेणाऱ्याला स्वतः उघडून दाखव. मूळ वायरिंगसारखं दिसावं म्हणून आपण मेहनत घेतो, कुणाला फसवायला नाही.

मेथॅनॉलशी हयगय नको. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही, आणि ते कातडीतूनही अंगात जातं. हातमोजे घाल, मिश्रण मोकळ्या हवेत कर, निम्म्यापेक्षा जास्त मेथॅनॉल घालू नकोस. टाकी माणसं बसतात तिथे ठेवू नकोस.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून, नॉझल पाइपमधून काढून, पारदर्शक बाटलीत घे. नुसतं साधं पाणी. धुक्यासारखा फवारा आला तर ठीक, धार आली तर पुढे जाऊ नकोस, आधी मला फोन कर. आणि अर्थच्या बोल्टचा फोटो, आवळण्याआधीचा, मला पाठव. उघडा पत्रा दिसला पाहिजे.

तुझा,
विनय