ट्यूनाच्या डब्यावरचा स्टिकर

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ट्यूनाचा लेख वाचला. लेखिकाबाई म्हणतात, डबा घेताना लेबल वाचा, मासा कुठे आणि कसा पकडला ते बघा. बघतो की! काल चष्मा लावून दुकानात उभा राहिलो, तर जिथे हे छापलेलं असतं नेमकं तिथंच इम्पोर्टरचा पांढरा स्टिकर, पत्ता, एमआरपी, कस्टमर केअर. घरी आणून गरम पाण्यात भिजवला, नखानं खरवडला तेव्हा खाली निघालं 'स्किपजॅक, एफएओ ७१'. स्किपजॅक ही ट्यूनाची एक जात आणि एफएओ ७१ हा मासेमारीच्या क्षेत्राचा नंबर, म्हणजे पश्चिम-मध्य पॅसिफिक, हे नातीनं मोबाइलवर शोधून सांगितलं. स्टिकरवर मात्र 'प्रॉडक्ट ऑफ थायलंड'. अहो तिथे नुसता डब्यात भरला, उद्या कुर्ल्यात पेटीत भरला म्हणून हापूसला कुर्ल्याचा आंबा म्हणाल!

आणि डब्यावरचा तो उडी मारणारा डॉल्फिन, म्हणजे हा ट्यूना धरताना डॉल्फिनला धक्का लावला नाही म्हणे. ती भानगड १९९० च्या सुमाराची, अमेरिकेतली. पूर्व पॅसिफिकमध्ये डॉल्फिनच्या कळपाभोवती जाळं टाकून त्याखालचा यलोफिन, म्हणजे ट्यूनाची दुसरी जात, धरायचे. माझ्या डब्यात स्किपजॅक, त्याला बरेचदा तराफे सोडून त्याखाली जमलेलं सगळं ओढतात, त्यात शार्क आले, ट्यूनाची पिल्लं आली, त्यांचं चित्र कुठेय?

मी नोकरीत असताना लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर गेलो होतो. होडीच्या मागच्या कडेला ओळीनं माणसं उभी, जिवंत बारीक मासळी फेकायची, पाण्याचे फवारे उडवायचे की कुपा, म्हणजे आपला ट्यूनाच, वर येतो, हातात काठी, गळाला उलटा काटाच नाही, त्यामुळे झटका दिला की मासा सुटून मागे धप्पकन पडतो. एका गळाला एकच मासा. तिथे १९६९ मध्ये डबे भरायचा कारखाना निघाला. तो डबा मला मुंबईत आजवर एकदाही दिसलेला नाही, बँकॉकचा मात्र चार दुकानांत. यावर लेखात एक ओळ नाही, ट्यूना सँडविचची रेसिपी मात्र फोटोसकट.

आमची आजी कुपा घरात आणला की नाक मुरडायची, काळ्या रक्ताचा मासा म्हणायची. आता तोच डब्यातून आला की हेल्दी. असो. आमच्या कोळणीकडे तो बिनस्टिकरचा मिळतो, कुठून आला तेही ती सांगते, विचारलं नाही तरी.

स्टिकरवरून आठवलं, सोमवारी तुमच्या पहिल्या पानावर कुठल्याशा क्लासचा स्टिकर चिकटवला होता, काढायला गेलो तर खालची पाणीकपातीची बातमी अर्धी फाटली. आमच्या भागात पाणी कधी जाणार होतं ते अजून कळलेलं नाही.

एक वाचक, दादर