कांद्याचा जांभळा पापुद्रा

नाशिक

प्रिय दिलीप,

स. न. वि. वि.

पाऊस झाला की द्राक्षाचे पिकलेले मणी का तडकतात, हे मुलीला समजावायचंय ना? मग बागेत नंतर जा, आधी कांदा घे. निफाडात कांद्याला काय तोटा!

लाल कांदा हवा. सुकी टरफलं काढून पहिली रसरशीत पाकळी घे आणि तिच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा चिमट्यानं सोल. आतला पांढरा अलगद निघतो, म्हणून सगळे तोच घेतात. पण त्यात रंग नाही, मग फरक चटकन कळत नाही. नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेव. वरची पातळ काच तिरकी धरून हळू सोड, नाहीतर बुडबुडे अडकतात आणि पोरं त्यांनाच पेशी समजतात. सूक्ष्मदर्शकात शंभरपट मोठं दिसलं तरी पुरे. जांभळ्या विटा रचल्यागत दिसतील.

आता 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मीठ. काचेच्या एका कडेला थेंब सोड, समोरच्या कडेला टिपकागद लाव. थोड्याच मिनिटांत रंग पेशीच्या भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होतो. भिंत जागच्या जागी असते, आकसतं आतलं पटल, म्हणजे पेशीचा पातळ पडदा. पाणी मिठाकडे गेलं, रंग मात्र आतच अडकला. लगेच साधं पाणी दिलंस तर तो पुन्हा भिंतीला टेकतो. मीठ जास्त झालं किंवा फार वेळ गेला तर पेशी मरते, मग काही परत येत नाही. उकळत्या पाण्यातून काढलेला तुकडाही दाखव: त्यातला रंग सरळ बाहेर पसरतो. म्हणूनच बेदाणा फुगवायचा शाळेतला प्रयोग मला पटत नाही. बेदाण्यात जिवंत पेशी कुठली?

पटलात पाण्यासाठी ॲक्वापोरिन नावाच्या खास वाटा असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्या वाटा पंपासारखं पाणी खेचत नाहीत. ओढ विरघळलेल्या मिठा-साखरेची.

आता मणी. पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, साखर भराभर वाढते. 18 ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 18 ग्रॅम साखर. कागदावरच्या हिशेबानं ही ओढ हवेच्या दाबाच्या जवळपास पंचवीसपट. पावसाचं पाणी जवळजवळ निखळ. ते सालीतून, देठाच्या बुडातून मुरतं, मुळांकडूनही येतं. साल तेवढी ताणत नाही, फाटते. मग गळालेला रस शेजारच्या मण्यांवर, आणि त्यावर बुरशी.

पापुद्र्याचं मिठाआधीचं आणि नंतरचं चित्र तिला काढायला लाव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद