कुत्रीला दूध आले म्हणजे ती गाभण असतेच असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरची कुत्री गाभण आहे की नाही, हे बहुतेक जण तिचे पोट आणि सड पाहून ठरवतात. तिथेच फसगत होते. माज संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, नराशी संबंध न आलेल्या कुत्रीचेही सड फुगतात, दूध येते. ती कोपऱ्यात फडकी ओढून नेते, एखादे खेळणे कुशीत घेऊन गुरगुरते. कारण माजानंतर तिच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारे संप्रेरक), गर्भ असो वा नसो, जवळपास दोन महिने चढेच राहते.

याच काळात गर्भाशयात पू होण्याचा आजारही गाठतो. पोट वाढते, कुत्री सारखी पाणी पिते, खाणे टाकते. मागून घाण स्राव येतोच असे नाही. ‘गाभण आहे, म्हणून खात नसेल’ असे म्हणत आठ दिवस काढले, तर ती हातची जाते.

म्हणून मिलनाची प्रत्येक तारीख लिहून ठेवावी आणि २८व्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी करावी. पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात. माणसांची गर्भचाचणीची पट्टी इथे निरुपयोगी आहे, कारण ती ज्या संप्रेरकावर चालते ते कुत्रीत तयारच होत नाही. ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढला की कवट्या आणि कणे मोजता येतात. हा आकडा फार मोलाचा, नाहीतर शेवटचे पिल्लू बाहेर आले की आत अडकले, हे कळायचे कसे?

पहिले पाच आठवडे खाणे नेहमीइतकेच ठेवावे. पुढे हळूहळू वाढवत शेवटी दीडपटीपर्यंत न्यावे, तेही थोडे थोडे करून, कारण पोटात जागाच उरत नाही. मात्र कॅल्शियमची औषधे मनाने देऊ नयेत. प्रेमापोटी होणारी ही चूक सर्वांत घातक आहे. कॅल्शियम वरून मिळत राहिले की हाडांतून ते काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग व्यायल्यावर दूध वाहू लागले की रक्तात ते एकाएकी कमी पडते आणि कुत्री थरथरते, ताठरते, झटके देते.

विण्याची जागा दहा-बारा दिवस आधीच तयार करून तिला तिथे झोपायची सवय लावावी. खोक्यात तिला पाय पसरून लोळता यावे. आत भिंतीपासून आणि तळापासून चार बोटे अंतरावर दांडी बसवावी, म्हणजे पिल्लू तिच्या पाठीखाली चिरडत नाही. अंथरायला वर्तमानपत्राची रद्दी उत्तम.

मिलनानंतर ५८ ते ७२ दिवसांत ती कधीही विते. नेमकी वेळ थर्मामीटर सांगतो. ५७व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजावा. तो ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण २४ तासांत कळा सुरू होतात.

अर्धा तास जोरदार कळा देऊनही पिल्लू न येणे, आत पिल्ले असताना दोन तास काहीच न होणे, पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसणे (वार सुटल्याची ही खूण) किंवा तापमान उतरून २४ तासांनंतरही कळा नसणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांना फोन करताना मिलनाच्या तारखा, एक्स-रेतला आकडा आणि शेवटचे तापमान हाताशी ठेवावे.

आपला,
एक पशुवैद्यक