कृष्णधवल फोटोला रंगाची झाक का येते?

महोदय,

घरातल्या थोरामोठ्यांचे जुने कृष्णधवल फोटो मोठे करून भिंतीवर लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आता ते बहुधा इंकजेटवर छापले जातात. दुकानात ठीक वाटलेला फोटो घरी ट्यूबखाली हिरवट आणि खिडकीपाशी गुलाबी दिसतो. तक्रार केली तर ‘इंकजेट असेच असते’ हे उत्तर मिळते. ते मुळीच खरे नाही.

साध्या चार-सहा रंगांच्या बहुतेक प्रिंटरमध्ये करडी शाई नसते. सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळा मिसळून करडा रंग तयार होतो. त्यातला एक किंचित जास्त झाला की झाक येते, आणि उजेड बदलला की झाकही बदलते. एप्सन पी ७०० सारख्या प्रिंटरमध्ये काळ्याखेरीज करडी आणि फिकट करडी अशा दोन शाया असतात. त्यात रंगीत शाई फक्त छटा सावरण्यापुरती लागते, म्हणून तोल टिकतो.

तरीही छटा जुळवावी लागतेच. आधी नोझल चेक, म्हणजे प्रत्येक शाईच्या रेघांचा चाचणी-प्रिंट काढावा, कारण मॅजेंटाच्या रेघा तुटलेल्या असतील तर प्रिंट हिरवट येणारच आणि मग सेटिंग बदलून उपयोग नाही. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट निवडावे. फोटोशॉपमध्ये रंगांचा ताबा प्रिंटरकडे द्यावा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. शून्य ते शंभर टक्के काळा, दर पाच टक्क्यांनी एक, अशा २१ चौकटींची पट्टी त्याच कागदावर छापून ती दिवसभर वाळू द्यावी. ओल्या शाईवरून निर्णय घेऊ नये. मग ४० ते ६० टक्क्यांच्या चौकटी पाहाव्यात, झाक तिथेच आधी डोळ्यांत भरते. हिरवट दिसली तर ड्रायव्हरमधल्या रंगचक्रावरचा बिंदू मॅजेंटाकडे दोन-तीन अंकच सरकवावा आणि पुन्हा पट्टी काढावी.

यंत्राने मोजणारे इथे हमखास फसतात. ते प्रत्येक चौकटीचे ए आणि बी (हिरवा-मॅजेंटा आणि निळा-पिवळा कल दाखवणारे आकडे) शून्यावर आणायला बघतात. पण पांढरेपणा वाढवणारी रसायने घातलेला कागद मुळात निळसर असतो. त्याच्या शेजारी शून्यावरचा फिकट करडा पिवळट भासतो. म्हणून फिकट छटांत कागदाचाच कल राखावा आणि गडद होत जाताना तो शून्याकडे न्यावा. क्वाडटोन रिप या कृष्णधवल छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये उजळ, मधल्या आणि गडद भागांची छटा वेगवेगळी ठरवता येते, ते याच कामाचे.

काळी शाई दोन प्रकारची असते, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक. ग्लॉसी (चकचकीत) कागदाला फोटो ब्लॅकच वापरावी. मॅट ब्लॅक त्यावर धरत नाही, बोटाने पुसली जाते. आणि शाईची कंपनी बदलली की ही सगळी जुळवणी नव्याने करावी लागते.

दुकानदारांनी मोठा प्रिंट काढण्याआधी ही पट्टी ग्राहकाला घरी न्यायला द्यावी, म्हणजे जिथे फोटो लागणार त्याच दिव्याखाली ती बघता येईल. फोटोस्पर्धा भरवणाऱ्यांनी दालनातले दिवे ३००० केल्विनचे (पिवळसर) आहेत की ५००० चे (पांढरे), हे प्रवेशपत्रिकेतच छापावे.

– एक वाचक, कोल्हापूर