वॉरंट कोणाचे, तेही लिहा

अमेरिकेतील स्थलांतरितांवरील छाप्यांच्या आपल्या बातमीत पकडलेल्या सर्वांना सरसकट ‘गुन्हेगार’ म्हटले आहे, त्याला माझा तीव्र आक्षेप आहे. व्हिसाची मुदत संपल्यावर तिथे राहणे हा मुळात दिवाणी स्वरूपाचा नियमभंग आहे. तपासणी चुकवून सीमा ओलांडणे हा मात्र फौजदारी गुन्हा असून, पहिल्या वेळी कमाल शिक्षा 6 महिने कैद आहे. एच-1बी व्हिसावरच्या अभियंत्याची नोकरी गेली आणि सवलतीचे जास्तीत जास्त 60 दिवस उलटूनही तो तिथेच राहिला, तर त्यालाही आपण गुन्हेगार म्हणणार का?

‘वॉरंट घेऊन पथक आले’ एवढ्यानेही काहीच कळत नाही. स्थलांतरिताला अटक करण्यासाठीच्या ‘आय-200’ या छापील वॉरंटवर इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नसते. दुकानाच्या ग्राहकांसाठी खुल्या भागात पथक वॉरंटाशिवायही येऊ शकते. आतल्या खासगी खोलीत शिरायला मालकाची संमती किंवा न्यायालयाचे वॉरंट लागते. छापा वैध की अवैध हा स्थानिक वाद बहुतेकदा याच दारापाशी पेटतो, आणि बातमीत नेमके तेच गाळलेले असते. शिवाय संघीय अधिकाऱ्यांच्या जाकिटावरही ‘पोलीस’ असे लिहिलेले असते. त्यामुळे शहर पोलिसांचा संबंध नसतानाही कारवाई त्यांच्या नावावर खपते.

कारवाई कोणत्या यंत्रणेची, वॉरंटवर सही कोणाची आणि आरोप दिवाणी की फौजदारी, एवढे तरी संपादकांनी बातमीदाराला छापण्यापूर्वी विचारावे.

— एक वाचक