सूचना : वस्त्रसंग्रहात बुरशी दिसल्यास

सर्व सदस्यांना नमस्कार. साठवणीच्या खोलीतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. सुती वस्त्रांतला सेल्युलोज (धाग्याचा मुख्य घटक) अ‍ॅस्परजिलस, किटोमियमसारख्या बुरश्या विकरांनी (एन्झाइमनी) तोडतात. मग धागा नुसत्या स्पर्शानेही तुटतो. रेशीम-लोकरीची प्रथिनेही सूक्ष्मजीव सोडत नाहीत.

घडीच्या आत राखाडी, मखमली ठिपका दिसला किंवा कुबट वास आला, तर कृपया झटकू नका. बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, शेजारच्या वस्त्रांवर जाऊन बसतात. ओले फडकेही नको. एन-95 मास्क आणि हातमोजे घालून वस्त्र तात्पुरते पॉलिथिनच्या पिशवीत बंद करा, वेगळे ठेवा, संवर्धकांना (वस्त्रांचे जतन करणाऱ्या तज्ज्ञांना) त्याच दिवशी कळवा. उन्हात तर मुळीच घालू नका, जुने रंग हातचे जातात. बुरशीचे डाग बहुतेक वेळा निघत नाहीत, तेव्हा घड्या नियमित उघडून पाहा.