तंबूतल्या बायका कुणी मोजल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दादा कोंडक्यांच्या चित्रपटांवरचा लेख वाचला आणि त्यावर काल छापलेली दोन पत्रंही वाचली. एका वाचकाला त्या चित्रपटांनी मराठीची अब्रू घालवली असं वाटतं. दुसऱ्याला त्यांत ‘अस्सल मातीचा गंध’ येतो. दोघांनाही नमस्कार. माझं भांडण मूळ लेखातल्या एका वाक्याशी आहे: ‘महिलावर्ग या विनोदापासून स्वाभाविकच दूर राहिला.’ त्यातला ‘स्वाभाविकच’ मला फार आवडला. लेखकमहाशय त्या काळी कुठल्या थिएटरात बसून बायका मोजत होते, तेवढं कळवावं.

मी सांगते मी कुठं होते ते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जमिनीवर पोतं टाकून. साल 1978, मी बारा वर्षांची. लागला होता दादांचा ‘पांडू हवालदार’. तो 1975चा, पण आमच्यापर्यंत सिनेमे असेच तीन-तीन वर्षांनी, रिळं झिजवून यायचे. बाहेर भोंग्यावर माणूस ओरडत होता, ‘माता-भगिनींसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था!’ स्वतंत्र व्यवस्था म्हणजे मधोमध बांधलेला एक कासरा. अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये. आणि संपादक महोदय, कासऱ्याच्या अलीकडं मुंगी शिरायला जागा नव्हती. लेकुरवाळ्या होत्या, नऊवारीतल्या म्हाताऱ्या होत्या. एक आजी तर नातवाला पदराखाली झोपवून स्वतः टक्क जागी होती.

आई, आत्या आणि मी तिघी होतो. उषा चव्हाणची केळेवाली पडद्यावर आली आणि पुढं जे बोलणं झालं त्याला माझी आई हसली. कशाला हसली ते मी लिहिणार नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही. पण कशी हसली ते लिहिते. आमच्या घरात बायांचं हसू उंबऱ्याच्या आत आणि पदराच्या आड असायचं. त्या रात्री तिचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. डोळ्यांतनं पाणी, एक हात आत्याच्या मांडीवर आपटत होता. मला काही कळलं नव्हतं. ‘आई, काय झालं गं?’ म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘घरी गेल्यावर सांगते.’ 2009 साली ती गेली. सांगितलं नाही ते नाहीच.

सांगणार तरी कधी? मध्यंतर झालं, गॅसबत्ती पेटली आणि कासऱ्याच्या पलीकडनं आमचे थोरले चुलते उभे राहिले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘उठा. ह्ये काय बायामानसांनी बगायचं हाय व्हय?’ म्हणजे अर्धा सिनेमा त्यांनी बघितला होता, हसण्याचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून बघितलं, आणि मग त्यांना संस्कृती आठवली. आई पदर सावरून उठली. तिकिटं आम्ही पूर्ण सिनेमाची काढली होती, हे तेव्हा बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून आता बोलते.

आम्हाला गाडीपाशी आणून सोडलं. वडील बैलांपाशी घोंगडं पांघरून बसले होते. तात्या म्हणाले, ‘तुमी पडा. मी जरा बैलबाजारात चक्कर टाकून येतो.’ रात्री साडेदहाला! पुसेगावचा बैलबाजार मोठा असतो हे मान्य, पण एवढ्या रात्री अंधारात बैलाचे दात कोण बघतं? तंबू सुटल्यावर परत आले. दुसऱ्या दिवशी गोठ्यात वडिलांना पांडूचा उत्तरार्ध आवाज बदलून-बदलून करून दाखवत होते. मी कडब्याच्या गंजीआड उभी राहून ऐकला. अशोक सराफांचा सखाराम हवालदार मी आधी तात्यांच्या तोंडून पाहिला आणि खरा नंतर कितीतरी वर्षांनी टीव्हीवर. टीव्हीवर बघताना सोफ्यावर माझ्या शेजारी कुणी नव्हतं, आणि मला एकदाही तसं हसू आलं नाही.

तेव्हा ‘महिलावर्ग दूर राहिला’ हे वाक्य दुरुस्त करून ‘महिलावर्गाला मध्यंतरात उठवून नेलं’ असं छापावं, ही विनंती.

लेखात ‘कोहिनूर’ थिएटरचा किस्सा पुन्हा आलाच. तो आता आम्हाला पाढ्यासारखा पाठ आहे: 1971 साल, दादर, दादांचा ‘सोंगाड्या’ लावायला नकार, मग शिवसैनिक, मग बाळासाहेब. सलग नऊ रौप्यमहोत्सव आणि गिनीज बुकातली नोंदही आली. तीही नाक मुरडत, जणू दादांनी पंचवीस-पंचवीस आठवडे तिकिटं स्वतःच विकत घेतली. पण दीड पानाच्या लेखात उषा चव्हाणला एक ओळ नाही. तिच्याकडं बघून दादांचा नायक गांगरायचा, ती कधी गांगरायची नाही. आणि ज्यांना आख्खा महाराष्ट्र ‘आये’ म्हणून ओळखायचा त्या रत्नमालाबाईंचं नावसुद्धा नाही. प्रेक्षकांत बाया नव्हत्या, पडद्यावरही नव्हत्या, तर मग त्या नऊ चित्रपटांत होतं तरी काय? नुसती हाफ पँट आणि लोंबणारी नाडी?

‘द्वयर्थी संवादांची विकृती’ म्हणताना लेखकाला ती दादांनी 70च्या दशकात शोधून काढली असं वाटतंय. आमची आजी वाकळ पांघरून रात्री हुमाणं, म्हणजे कोडी, घालायची. ऐकताना कानाच्या पाळ्या तापायच्या आणि उत्तर निघायचं कुलूप-किल्ली, नाहीतर उखळ-मुसळ. ‘तुमच्याच मनात घाण, मी काय करू?’ असं म्हणून ती कूस बदलायची. सेन्सॉरवाल्यांसमोर दादांचीही हीच पंचाईत होती, म्हणजे त्यांची नव्हे, सेन्सॉरची. कागदावर शब्द धुतल्या तांदळासारखे, कात्री लावायची कुठं? आणि लग्नात विहिणींच्या गाण्यांतून जो उद्धार व्हायचा तो आज छापला तर तुमच्यावर खटला होईल. तो करणाऱ्या सगळ्या बायाच होत्या.

आणखी एक. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हेच दादा बोलत होते, लेखणी वसंत सबनीसांची होती आणि पुण्या-मुंबईचा परीटघडीचा प्रेक्षक टाळ्या देत होता. ते झालं लोकनाट्य. ‘सोंगाड्या’ही सबनीसांनीच लिहिला. पण आम्ही पोत्यावर बसून हसलो की तो झाला आचरटपणा. खुर्चीला एवढं महत्त्व असतं हे मला माहीत नव्हतं.

मी काही सगळ्याचंच समर्थन करत नाही. नंतर-नंतरचे चित्रपट मलाही बघवले नाहीत. नावापासूनच चावटपणा सुरू आणि आत गोष्ट नाहीच. हिंदीतले तर विचारू नका. सुरुवातीच्या भोळ्या गड्याला आपण काय बोलतोय ते कळत नसायचं, म्हणून हसू यायचं. पुढं त्याला कळायला लागलं आणि मजा गेली. कालच्या पहिल्या पत्रलेखकाचं तेवढं मला पटलं. पण त्यांनी ‘कुटुंबासमवेत बघता येत नाही’ हा जो नेहमीचा दाखला दिलाय, त्यावर एवढंच म्हणेन की आमचं आख्खं कुटुंब तिथं होतं. फक्त एकमेकांना दिसायचं नव्हतं.

आणि अश्लीलतेबद्दल आपल्या वृत्तपत्राला एवढी चाड असेल तर पान सातच्या खालच्या कोपऱ्यात रोज ‘वैवाहिक जीवनात निराश आहात?’ म्हणून विचारणारे वैद्यराज कोण आहेत? त्यात द्वयर्थीसुद्धा काही नसतं, एकच अर्थ असतो. नात मोठ्यानं वाचून मला विचारते, ‘आजी, तू निराश आहेस का?’ मी काय सांगू तिला, घरी गेल्यावर सांगते?

जाता जाता. त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवा शब्द होता, ‘तमाशातला विनोदी नट’. चौकोन चार. तासभर डोकं खाजवलं. आज उत्तर छापलंय ‘सोंगाड्या’. सों-गा-ड्या. मी तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतलाय. ही अक्षरं तीन होतात. शेजारच्या पानावर दादांना नाकं मुरडणाऱ्यांना त्यांनी काढलेल्या पहिल्या सिनेमाचं नाव तरी मोजता यावं.

पत्राखाली माझं नाव छापू नये. तात्यांची नातवंडं तुमचंच वर्तमानपत्र घेतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोरेगाव, जि. सातारा